पलीकडची घंटा

"ओढलीस बघ परत!" टोणपे सर खुर्चीतूनच ओरडले. "घंटा वाजली कुणाची आणि कॅरेज ओढली कुणी?"

मी मशीनवरचे हात काढून मांडीवर ठेवले. शेजारच्या मशीनवरची मुलगी खाली मान घालून हसली. तिची ओळ संपत आली होती, म्हणून तिची घंटा वाजली होती. माझी ओळ जेमतेम अर्ध्यावर आली होती. तरी माझा डावा हात आपोआप वर गेला, दांडी धरून त्यानं कॅरेज खस्सकन मागं ढकलली आणि 'नियमितपणे' या शब्दाचे दोन तुकडे झाले. दर तुटक्या शब्दाला एक चूक धरत. या अशाच चुकांपायी मी टायपिंगच्या परीक्षेत दोनदा नापास झाले होते.

ज्यांनी टाइपरायटर पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. ओळ संपायला पाच-सात अक्षरं उरली की मशीनमधली छोटी घंटा वाजते. ती ऐकली की हातातला शब्द पुरा करायचा आणि कॅरेज, म्हणजे कागद धरणारा वरचा सरकता गाडा, ओढून पुढची ओळ धरायची. पोरासोरांना जमणारी गोष्ट आहे. मला जमत नव्हती, कारण वीस मशीनच्या खोलीत मला स्वतःची घंटा सोडून बाकी सगळ्यांच्या ऐकू येत. शाळेतही माझं असंच. पेपर हातात पडला की आधी शेजारणीचे मार्क बघायचे, मग आपले.

हे बार्शीतलं, शहाऐंशी सालचं. वडील पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून होते, नोकरीत असतानाच वारले. त्यांच्या जागी मला अनुकंपेवर घेतलं. घरात आई आणि शाळेत जाणारे दोघं भाऊ, मिळवती मी एकटी. ऑर्डरमध्ये एक अट होती. दोन वर्षांच्या आत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, नाहीतर नेमणूक रद्द. दीड वर्ष आणि दोन परीक्षा गेल्या होत्या. तिसरी नोव्हेंबरात होती. ती गेली की सगळंच गेलं.

त्या दिवशी क्लास सुटल्यावर सरांनी मला थांबवून घेतलं.

"मंदाकिनी, बोटं चांगली आहेत तुझी. कान वाईट आहेत."

"मग काय कापून टाकू का सर?"

"तोंड बी चांगलंय." सर हसले. उंच, वाळके गृहस्थ, कपाळाला भस्माच्या तीन बोटांची खूण, बाह्या नेहमी कोपराच्या वर. "उद्यापासनं दुपारी दोन ते तीन ये. त्या टायमाला कुणी नसतंय. सायबांना विचार, तास सोडतील. आणि तिकडं बस, पार्टिशनजवळ."

क्लासची खोली लांबुळकी होती. शेवटाला हिरव्या रंगाचं प्लायवूडचं पार्टिशन होतं, जमिनीपासून आढ्यापर्यंत. त्याच्या पलीकडे आणखी एक खोली होती. तिचं दार मागच्या बोळात उघडायचं.

"पलीकडं वत्सला असते," सर म्हणाले. "दोन ते तीन तीच बसते. तुझ्यासारखीच, अनुकंपेची. लई जोरात आहे पोरगी. तुला ऐकायचंच आहे ना दुसऱ्याचं, मग वीसजणींचं कशाला? एकीचं ऐक. तिच्या मागं लाग. ज्या दिवशी तिला गाठशील त्या दिवशी तू पास झालीस म्हणून समज."

मला वाटलं, वा! हे आपल्याला जमण्यासारखं आहे.

आमचे साहेब वडिलांना मानायचे, त्यांनी रोज तासभर सोडलं. कचेरी मागच्याच गल्लीत होती. मे महिन्यातली बार्शी दुपारी दोनला कशी असते हे तिथल्याच माणसाला ठाऊक. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. क्लासात सर टेबलावर डोकं टेकून पडलेले, खिडकीला ओल्या वाळ्याचा पडदा, एकोणीस मशीन कव्हरं घालून झोपलेली आणि विसाव्यावर मी.

पहिल्या दिवशी कागद चढवला, सतरा क्रमांकाचा उतारा उघडला. 'माणसाने आपले काम नियमितपणे करीत राहावे म्हणजे त्याचे फळ त्याला मिळाल्यावाचून राहत नाही.' दोन शब्द मारले असतील नसतील, पार्टिशनच्या पलीकडून टाइपरायटर सुरू झाला.

काय हात होता! एकसारखा, न अडखळणारा. माझी पहिली ओळ पुरी व्हायच्या आधी तिकडं घंटा वाजली. मी दात आवळले, जोर लावला. दुसऱ्या ओळीला तेच. तिसऱ्या ओळीला तेच. तासभर मी छाती फुटेस्तोवर पळाले आणि ती माझ्यापुढं बरोबर एक ओळ राहिली. कमी नाही, जास्त नाही.

तीन वाजले आणि तिकडचा आवाज बंद झाला. मी सरांना म्हटलं, "सर, वत्सला भारी आहे हो."

सरांनी डोकं वर केलं. माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "ऐकू आली?"

"न यायला काय झालं?"

"बरं," ते म्हणाले. "बरं, बरं."

त्या उन्हाळ्यात माझा वेग वाढला हे खरं. मिनिटाला अठरा शब्दांवरून बावीसवर आला, मग पंचवीसवर. वत्सलेची घंटा सोडून दुसरं काही मला ऐकू येईना. कचेरीत फाईल लावताना मी तिच्याशी मनातल्या मनात भांडायची. स्वयंपाक करताना पोळपाटावर बोटं चालवायची. आई म्हणाली, "अगं, पीठ मळायलीस का तबला वाजवायलीस?" मी म्हटलं, "आई, आज मी तिला गाठणार." रोज गाठणार होते. रोज ती एक ओळ पुढं.

जुलैपर्यंत मला तिचं ऐकून वाचता यायला लागलं. हे ऐकायला अजब वाटेल, पण जुन्या टायपिस्टांना विचारा. मराठी मशीनवर अक्षर मारलं की कॅरेज एक घर सरकते. वरची मात्रा किंवा अनुस्वार मारला की सरकत नाही, नुसता हलका टोला बसतो. त्या हलक्या आणि जड टोल्यांवरून, जागा सोडायच्या दांडीच्या धप्प आवाजावरून उतारा पाठ असलेल्या माणसाला शब्द कळतात. तीही सतराच मारत होती. मी सतरा काढला की ती सतरा, मी चोवीस काढला की ती चोवीस. मी कोणता उतारा काढणार हे तिला कोण सांगत होतं, हा विचार मला तेव्हा का सुचला नाही, देव जाणे. तिच्या पुढं जायच्या नादात बाकी काही सुचतच नव्हतं.

एक गोष्ट मात्र खटकायची. क्लासच्या दाराशी आम्ही चपला काढायचो. मागच्या बोळातून येता-जाता मी कितीदा पाहिलं, पलीकडच्या दाराशी कधी चप्पल दिसली नाही. दाराला नेहमी बाहेरून कुलूप असायचं.

ऑगस्टात एकदा सरांना भावकीतल्या बारशाला जायचं होतं. किल्ल्यांचा जुडगा ते माझ्याजवळ ठेवून गेले. दोन वाजता मी एकटीच बसले. तिकडं आवाज सुरू झाला. पंधरा-वीस मिनिटं मी पळाले आणि अचानक मला राग आला. असा राग की डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, हिचं तोंड तरी बघू एकदा. ही माणूस आहे का कोण आहे!

ओळ अर्ध्यात सोडून उठले, वळसा घालून बोळात गेले. दाराबाहेरही तिचा आवाज ऐकू येत होता. कुलूप लावलेलंच होतं. जुडग्यातली तिसरी किल्ली लागली. किल्ली फिरली तसा आतला आवाज थांबला.

दार ढकललं. आत कुबट वास होता. एका भिंतीला मोडकी मशीनं रचलेली, खिडकी नाही. पार्टिशनला लागून एक टेबल, त्यावर रेक्झिनच्या कव्हराखाली एक मशीन. खुर्चीवर जुन्या उताऱ्यांचा ढीग, म्हणजे तिच्यावर कुणाला बसायलाही जागा नव्हती. कव्हरावर धुळीचा थर होता. मी ते उचललं. मशीनमध्ये रिबन नव्हती, कागद नव्हता. वाकून खाली बघितलं तर घंटेची वाटीसुद्धा नव्हती. कुणीतरी कधीच काढून घेतली होती, नुसता स्क्रूचा गंज होता.

मी तशीच उभी राहिले. आणि तेवढ्यात पार्टिशनच्या पलीकडे, म्हणजे जिथून मी उठून आले होते त्या खोलीत, एक मशीन सुरू झालं.

आवाज ओळखीचा होता. माझ्याच मशीनचा होता, 'र' मारला की जरा खरखरणारा. कुणीतरी जोर लावून, दमून, तरी न थांबता टाइप करत होतं. मी खूण ओळखली. 'नियमितपणे' या शब्दावर माझी बोटं नेहमी अडखळायची. तीही तिथंच अडखळली.

कुलूप कसं लावलं आठवत नाही. धावत पुढच्या खोलीत आले. कुणी नव्हतं. माझा कागद होता तसाच होता, ओळ अर्ध्यातच. वाळ्याचा पडदा हलत होता. मी पर्स उचलली आणि भर उन्हात कचेरीत पळाले. चप्पल घालायचीही राहिली, तळपाय भाजले.

दुसऱ्या दिवशी मी सरांसमोर उभी राहिले.

"सर, पलीकडं कुणी नाही."

"नाही," सर शांतपणे म्हणाले.

"म्हणजे तुम्ही खोटं बोललात?"

"बस आधी." त्यांनी माठातलं पाणी दिलं. "वत्सला खोटी नाही. माझीच विद्यार्थिनी. चार वर्षं झाली पास होऊन, सोलापूरला कचेरीत आहे. नवरा आहे, एक मुलगी आहे, सगळं झ्याक. ती इथं बसायची, तुझ्याच खुर्चीवर. तिला मी सांगायचो, पलीकडं सुमन असते. सुमनला सांगायचो, पलीकडं गणपत असतो. माझ्या सरांनी मलाही असंच एक नाव दिलं होतं. नाव दिलं की पोरं पळतात, मंदाकिनी. नाहीतर कुणी पळत नाही."

"पण आवाज?"

"आवाज कसला? मी फक्त नाव देतो." त्यांनी पार्टिशनकडे बघितलं नाही. "आवाज तुमचा तुम्हीच ऐकता. प्रत्येकाला येतो."

"तुम्हाला येतो?"

सरांनी माझ्या हातातला पेला घेतला, उरलेलं पाणी खिडकीतून बाहेर टाकलं. "जा, बस," ते म्हणाले. "दोन वाजले."

पळून जावं असं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. पण पळून कुठं जाणार? घरी धाकट्याच्या पायातली चप्पल दोनदा शिवून झाली होती. मी बसले. तिकडं आवाज सुरू झाला. कुणी नाही हे ठाऊक असूनही मी तिच्यामागं पळाले. कुणी असतं तर एवढी पळाले नसते कदाचित.

परीक्षा सोलापूरला होती. तेव्हा मशीन आपापलं न्यावं लागे. संस्थाच एसटीच्या टपावर मशीनं चढवायची, दोऱ्यांनी बांधायची, विद्यार्थी खाली बसून देवाचा धावा करायचे. निघायच्या आदल्या दुपारी माझ्या मशीनच्या कॅरेजचा पट्टा तुटला. दुरुस्त करणारा पंढरपूरला गेलेला. बाकी सगळी मशीनं दुसऱ्या पोरींच्या नावावर लागलेली. सर दोन मिनिटं डोक्याला हात लावून बसले, मग किल्ल्या घेऊन उठले. मागच्या खोलीतलं ते मशीन त्यांनी स्वतः उचलून आणलं, झटकलं, तेल दिलं, नवी रिबन घातली.

"सर, याला घंटा नाही," मी म्हटलं.

"ठाऊक आहे. एवढ्या घाईत वाटी कुठनं आणू? बोटांनी समज. ओळ संपली की मशीन अडतंय, मार्जिनची कळ दाबून हातातला शब्द पुरा कर, मग ओढ."

माझं नशीब! आयुष्यात कधी स्वतःच्या घंटेवर कॅरेज ओढली नव्हती, आणि आता घंटाच नाही.

सोलापुरात शाळेच्या व्हरांड्यात आम्हाला बसवलं. माझा नंबर तीन वाजता होता. एकच्या सुमाराला हिरव्या सुती साडीतली एक बाई डबा घेऊन आली. सरांनी तिला पत्र टाकलं होतं. तिशी गाठलेली, गोरी, डोळ्यांखाली काळं.

"मंदाकिनी तूच ना? मी वत्सला."

वाटलं होतं, ही कुणी मोठी रुबाबदार बाई असेल. ही तर आमच्या आईसारखी पदर खोचून भाकरी वाढायला लागली.

"खा पोटभर. परीक्षेला उपाशी बसू नये," ती म्हणाली. "कसं चाललंय? सरांचा काय नवीन मंत्र?"

"तुमच्या मागं लावलंय मला," मी म्हटलं आणि हसले.

ती हसली नाही. तिनं घोट घोट पाणी प्यायलं. "दोन ते तीन?" तिनं विचारलं.

"हो."

"मे महिन्यापासनं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

तिनं डब्याचं झाकण मांडीवर ओढलं. आत दोनची बॅच बसत होती, पर्यवेक्षकानं शिट्टी मारली. मी सहज खाली बघितलं. वत्सलेची बोटं डब्याच्या झाकणावर चालायला लागली होती.

ती बोटं वाजवत नव्हती. टाइप करत होती. डावी करंगळी, उजवी तर्जनी, अंगठ्याचा धप्प ठोका. हलके टोले, जड टोले. मी ऐकत गेले आणि शब्द उमटत गेले. 'माणसाने आपले काम नियमितपणे...'

"उतारा सतरा," मी पुटपुटले.

"मला माहीत नाही कुठला ते," ती म्हणाली. तिचे डोळे रस्त्याकडे होते, जणू हात तिचे नव्हतेच. "रोज दोनला सुरू होतात, तीनला थांबतात. रविवारीसुद्धा. कचेरीत मांडीखाली दाबून बसते. मुलीला भरवताना घास सांडतो. डॉक्टर म्हणतात नस आहे. मध्ये एक-दोन वर्षं जरा हळू होते, मे महिन्यापासनं बाई जीव काढलाय."

मी हातातला घास परत डब्यात ठेवला.

"मागं कोण आहे ते दिसत नाही मला," वत्सला म्हणाली. "एवढंच कळतं की कुणीतरी मागं लागलंय आणि थांबता येत नाही. थांबले तर ती अंगावर येईल असं वाटतं." मग तिनं माझ्याकडे बघितलं. विनवणी केल्यासारखं बघितलं. "मंदा, आज परीक्षा झाली की सोडशील ना गं मला?"

तिचे हात झाकणावर चालतच होते. मी ते धरायला गेले. गरम होते, आणि माझ्या हातांत असतानाही त्यांची बोटं हलायची थांबेनात. मला रडू आलं. तिनंच पदरानं माझे डोळे पुसले, चालत्या हातांनी.

तीन वाजता मी आत जाऊन बसले. पंचवीस मशीनं होती. शिट्टी झाली आणि वळवाच्या गारा पडाव्यात तसा आवाज उसळला. पहिल्या मिनिटातच माझ्या उजवीकडे घंटा वाजली. डावा हात उचलला गेला. आणि माझ्या डोक्यात आलं, ही माझी नाही. माझ्या मशीनला घंटाच नाही. इथं जी जी घंटा वाजेल ती दुसऱ्या कुणाची तरी आहे. हात खाली आला.

पुढं मागं, डावीकडे उजवीकडे घंटा वाजत होत्या. त्या सगळ्यांच्या आड, तीन वाजून गेले होते तरी, तीही होती, वत्सलेची. एक ओळ पुढं. मी तिला जाऊ दिलं. जा बाई, म्हटलं, घरी जा, पोरीला भरव. माझी ओळ जिथं अडेल तिथं मी ओढीन. मशीन अडलं, मी शब्द पुरा केला, ओढली. अडलं, ओढली. केव्हातरी तिची घंटा माझ्या मागून ऐकू आली, मग लांबून, मग आलीच नाही. वेळ संपल्याची शिट्टी झाली तेव्हा माझा उतारा पुरा होऊन पहिल्या परिच्छेदाच्या तीन ओळींची उजळणी झाली होती.

जानेवारीत निकाल लागला. पास. आईनं देवापुढं साखर ठेवली आणि वडिलांच्या फोटोसमोर बसून खूप रडली. त्याच आठवड्यात सोलापूरहून कार्ड आलं. दोनच ओळी होत्या. 'अभिनंदन. माझे हात आता शांत आहेत. तुझे कसे आहेत?' शेवटचा प्रश्न मी शिष्टाचार म्हणून सोडून दिला.

शनिवारी दुपारी पेढे घेऊन क्लासला गेले. सर टेबलावर डोकं टेकून झोपले होते. पार्टिशनजवळ माझ्या खुर्चीवर एक नवीन मुलगी होती, दोन वेण्या, अठराची असेल. घामानं ब्लाऊज पाठीला चिकटला होता तरी मशीन हाणत होती.

"नाव काय गं तुझं?"

"ज्योत्स्ना." ती थांबायला तयार नव्हती. "ताई, जरा थांबा हं. एवढी ओळ." आणि ओळीच्या अर्ध्यातच तिनं कॅरेज खस्सकन ओढली.

मला हसू आलं, मायाही आली. तिच्या कागदावर तुटलेले शब्द मी वाचले. हिचा रोगही माझाच होता. दोन मिनिटांत सांगता आलं असतं. घंटेची वाटी काढून टाक बाई, झालं.

"कशाला एवढी पळायलीस?" मी विचारलं.

"मे महिन्याच्या परीक्षेत पास झाले तर मामा कोर्टात चिकटवतो म्हणालेत. नाहीतर वडील लग्न लावून देणार." तिनं कपाळ पुसलं आणि पार्टिशनकडे मान हलवली. "हिला गाठायचंय मला. रोज एक ओळ पुढं असती. लई हुशार आहे म्हणं."

"कोण? वत्सला?"

"वत्सला कोण?" ज्योत्स्ना म्हणाली. "पलीकडं मंदाकिनी असते. मंदाकिनी शिराळ. सर म्हणतात, अशी बोटं त्यांनी उभ्या जन्मात बघितली नाहीत."

खरं सांगते, त्या क्षणी भीती नंतर आली. आधी मला बरं वाटलं. शाळेपासून आतापर्यंत मी दुसऱ्यांची पाठच बघत आले होते. माझी पाठ बघत कुणीतरी पळतंय, हे आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होते. मंदाकिनी ती मीच, पलीकडं कुणी नाही, असं सांगायला तोंड उघडलं होतं. पण ती ज्या डोळ्यांनी त्या हिरव्या फळीकडे बघत होती ते डोळे माझ्यावरून हलावेत असं मला वाटेना.

"जोर लाव," मी म्हटलं. "गाठशील."

तिच्या हातावर पेढा ठेवला आणि बाहेर पडले. बोळाच्या तोंडाशी पोचले तेव्हा लक्षात आलं की पेढ्यांच्या पुड्यावर माझी बोटं चालत आहेत. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

ज्योत्स्ना मेमध्ये नापास झाली. मला कचेरीत कळलं. म्हटलं, पुढच्या वेळी होईल, त्याआधी जाऊन घंटेचं सांगू. जूनमध्ये तिचं लग्न करून दिलं, कर्नाटकात कुठंतरी. मी चौकशी केली ती फार उशिरा, सर वारल्यानंतर. त्यांच्या वह्यांत फक्त तिचं नाव होतं, गाव नव्हतं. मग कॉम्प्युटर आले, क्लास बंद झाला, मशीनं भंगारवाल्यानं नेली. त्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. पार्टिशन काढून दोन्ही खोल्या एक केल्या आहेत.

मी हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. लोक म्हणतात, मंदाताईंचं सगळं चांगलं झालं, आणि झालंच. फक्त दुपारी दोन ते तीन मी कुणाकडे जात नाही. सून ताटं उचलते, मी जेवणाच्या टेबलाशीच बसून राहते आणि हात चालू होतात. मुलगा म्हणतो, आई, कॅल्शियम कमी आहे. मी हो म्हणते.

ज्योत्स्ना अजून मागं आहे. बरोबर एक ओळ. सुरुवातीला दमछाक होती तिच्या आवाजात, आता नुसती सवय आहे. मी हळू व्हायचा प्रयत्न करून पाहिला, थांबायचा केला. होत नाही. तिनं मला गाठावं म्हणून देवाला नवसही बोलले. एकच गोष्ट मला अजून जमते, तीसुद्धा जिवाच्या करारावर. ओळीच्या मध्येच, शब्द तोडून, मी हात उचलते आणि नसलेली कॅरेज खस्सकन ओढते. तिला कळावं म्हणून, की दुसऱ्याची घंटा ऐकून असं करू नये.

मग कान देऊन बसते. मागं जराशी शांतता होते, आणि तीही अर्ध्यातच ओढते.